प्रशिक्षणाची नोंद कोणाच्या कामी येते?

मॅनहोलमध्ये उतरून परत न आलेल्या एका सफाई कामगाराच्या खटल्यात आम्ही त्याच्या पत्नीच्या वतीने सरकारी वकिलांच्या मदतीला उभे होतो. ठेकेदाराच्या वकिलांनी कागदपत्रांच्या गठ्ठ्यातून एक रंगीत कागद काढला आणि न्यायालयापुढे ठेवला. ते प्रमाणपत्र होते. सोनेरी किनार, कोपऱ्यात एका खासगी कंपनीच्या ट्रेनिंग पोर्टलचे चिन्ह, मध्यभागी मयताचे नाव आणि इंग्रजीत मजकूर असा की, सदर इसमाने गटार व सेप्टिक टँक सुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्यास शंभरपैकी नव्वद गुण मिळाले आहेत. आम्ही मागच्या बाकावर बसलेल्या त्या माऊलीला बाहेर आल्यावर विचारले. ती म्हणाली, "वकीलसाहेब, त्यांचा फोन बटणाचा होता. आणि पगाराच्या कागदावर ते अंगठा द्यायचे."

हे प्रमाणपत्र न्यायालयात का आणले गेले, हे आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कलम ७ नुसार गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास मनाई आहे. कलम ९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु ‘धोकादायक सफाई’ म्हणजे काय, याची कायद्यातील व्याख्याच अशी आहे की, मालकाने संरक्षक साधने न पुरवता आणि सुरक्षेची खबरदारी न घेता करवून घेतलेली सफाई. म्हणजे मालकाने खबरदारी घेतली होती असे दाखवता आले की गुन्ह्याचा पायाच डळमळतो. मग खबरदारीचा पुरावा काय? तर हे प्रमाणपत्र! नुकसानभरपाईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने आमची बाजू बळकट केलेली आहे. २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेत दहा लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंह यांच्या याचिकेत तीस लाख रुपये ठरले. पैसे मिळतात, उशिरा का होईना मिळतात. तुरुंगात मात्र कोणी जात नाही. त्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यात आता हे सोनेरी किनारीचे नवे कारण येऊन बसले आहे.

आम्ही मागणी केली की, प्रमाणपत्राच्या मागची मूळ नोंद द्या. हा अभ्यासक्रम कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या फोनवरून उघडला, किती वेळ चालला, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले, ते दाखवा. उत्तर आले की, पोर्टल चालवणाऱ्या कंपनीचा करार संपला आहे, पोर्टल बंद झाले आहे, आणि करारानुसार नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या गेल्या आहेत. शिल्लक आहे ती फक्त प्रमाणपत्राची प्रत. झाले! माणूस गेला, नोंद गेली, मालकाच्या उपयोगाचा तेवढा कागद उरला.

त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणच्या तक्रारीत नेमके उलट घडले. तेथील पोर्टल वेगळे होते आणि त्याने सगळ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्या मागवल्या तेव्हा दिसले की, तेवीस कामगारांनी चाळीस मिनिटांचा अभ्यासक्रम एकाच दुपारी, एकाच मोबाईलवरून, प्रत्येकी चार-पाच मिनिटांत ‘पूर्ण’ केला होता. मोबाईल मुकादमाचा होता. त्या बिचाऱ्या मुकादमाला तरी काय दोष द्यावा? वरून फोन आला होता की संध्याकाळपर्यंत शंभर टक्के झाले पाहिजे. पण मुद्दा असा की, एका पोर्टलने मालकाला वाचवले आणि दुसऱ्याने कामगाराची साक्ष दिली. दोन्ही पोर्टल कोणीतरी कार्यालयात बसून, निविदा काढून निवडली होती. निवडताना तेथे आमचा एकही माणूस नव्हता.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. सुरुवातीला आमचेच काही सहकारी हसले. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती एवढे विषय पडलेले असताना हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम तुम्हाला कशाला, असे म्हणाले. त्यांना आम्ही गिरण्यांची आठवण करून दिली. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या उष्ट्याने आपण बाटू, अशी सवर्ण कामगारांची भीती. मालकाने लिहून बंदी केली नव्हती. काम शिकायचे ते जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहून, आणि तेथे उभेच राहू दिले जात नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तो उगाच नव्हे. पुढे २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबर तांत्रिक प्रशिक्षणाचीही मागणी आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशी नेमकी मागणी. एवढ्या मोठ्या पदावर बसलेल्या माणसाला छापखान्यातील उमेदवारीचे महत्त्व वाटत होते. कारण हुन्नर कोठे आणि कोणाकडून मिळतो, यावर पुढची सगळी भाकर अवलंबून असते.

आज वाटते की कॉम्प्युटरने ही अडचण संपवली. व्हिडिओ कोणाची जात विचारत नाही. हे खरे आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण उभे राहण्याची जागा आता ‘लॉगिन’ नावाच्या दारातून जाते. हे दार कोणाला उघडते? बहुतेक कार्यालयांत कर्मचारी क्रमांक आणि कार्यालयीन ई-मेल असणाऱ्याला. ठेक्यावरच्या झाडूवाल्या बाईला, रुग्णालयातील कंत्राटी आयाला, सुरक्षारक्षकाला या दोन्ही गोष्टी नसतात. आणि ठेकेदारीत कोण आहेत, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कायम कर्मचाऱ्याला प्रशिक्षण, ठेकेदाराच्या माणसाला फक्त प्रमाणपत्र, अशी नवी पंगत बसली आहे.

आता हे प्लॅटफॉर्म म्हणजे असते काय, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच खरी मेख आहे. यात दोन वेगळी कामे असतात. एक, अभ्यासक्रम तयार करणे. त्यासाठी वेगळी साधने असतात. आर्टिक्युलेट, अ‍ॅडोबी कॅप्टिव्हेट ही त्यातली विकतची नावे, आणि नॉर्वेत तयार झालेले एच-फाइव्ह-पी हे मोफत. दुसरे काम म्हणजे तो अभ्यासक्रम लोकांपर्यंत पोचवणे, कोणी केला, कोणी नाही याचा हिशोब ठेवणे. या दुसऱ्याला लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात, कार्यालयांत नुसतेच ‘एल.एम.एस.’ म्हणतात. पहिल्याने केलेला अभ्यासक्रम दुसऱ्यात चालावा म्हणून ‘स्कॉर्म’ नावाची एक ठरलेली पद्धत आहे. ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून निघाली. तिचा २००१ चा १.२ हा अवतार अजूनही सर्रास वापरात आहे.

या स्कॉर्ममध्ये कामगाराच्या नावापुढे काय लिहिले जाते? उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळले, उघडलेच नाही. असे सहा शेरे. सोबत गुण आणि वेळ. आणि हा शेरा अभ्यासक्रम स्वतःच पाठवतो. अभ्यासक्रम बनवणाऱ्याने ‘शेवटचे पान उघडले की पूर्ण’ असे ठरवले असेल तर शेवटचे पान उघडताच माणूस प्रशिक्षित होतो. त्यात लबाडी कोणी करत नाही, यंत्र सांगितल्याप्रमाणेच वागते. म्हणून प्रमाणपत्र दाखवले की आम्ही आता पहिला प्रश्न हाच विचारतो की, ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे कोणी आणि कोणत्या बैठकीत ठरवले? आजवर एकाही ठिकाणी या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळालेले नाही.

दुसरा प्रश्न नोंदींचा. मूडलसारख्या प्लॅटफॉर्ममध्ये कोणी, कधी, कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून, कोणते पान उघडले याची ओळीने नोंद होते आणि ती किती दिवस ठेवायची हे व्यवस्थापकाला ठरवता येते. मुदत घातली की जुन्या नोंदी आपोआप जातात. मुदत घातली नाही तर राहतात. एका खटक्याचे काम! त्या खटक्यावर उद्या एखाद्या विधवेचा खटला उभा राहणार किंवा पडणार आहे, याची कल्पना तो दाबणाऱ्या मुलाला नसते. अपघाताच्या आणि नोकरीच्या दाव्यांना वर्षानुवर्षे लागतात, हे आम्ही वकील जाणतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सुरक्षेच्या प्रशिक्षणाच्या मूळ नोंदी कामगार कामावर असेपर्यंत आणि नंतरही काही वर्षे ठेवल्याच पाहिजेत, पुरवठादार बदलला तर त्या उघड्या स्वरूपात मालकाकडे आणि मागितल्यास कामगाराकडे आल्या पाहिजेत, आणि हे निविदेच्या अटींत लिहिलेले असले पाहिजे. करार झाल्यानंतर ओरडून उपयोग नाही.

येथे एक शंका आमच्याच एका तरुण सहकाऱ्याने काढली आणि ती रास्त आहे. एवढ्या बारीक नोंदी ठेवल्या तर त्या कामगारावरच उलटणार नाहीत काय? उलटतील. कोण किती वेळ रेंगाळला, कोणाचे उत्तर चुकले, कोण रात्री अकराला बसला, हे सगळे साहेबाच्या पडद्यावर येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून संरक्षणाची अपेक्षा होती. पण त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान किंवा उत्तरदायित्व टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरण्याची मुभा ठेवली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, हे कलम त्यानंतर दीड वर्षाने अमलात यायचे आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) मध्ये केलेला बदल मात्र लगेच लागू झाला, आणि वैयक्तिक माहिती म्हटली की नकार देण्याची सोय अधिकाऱ्यांना झाली. व्यापक लोकहिताचे कलम ८(२) तेवढे शिल्लक आहे. थोडक्यात, मालकाला आमची माहिती मोकळी आणि आम्हाला मालकाची बंद. यावर उपाय नोंदीच ठेवू नका हा होऊ शकत नाही. प्रत्येक कामगाराला स्वतःची नोंद स्वतः पाहता आणि उतरवून घेता आली पाहिजे, आणि शिकताना झालेल्या चुका शिस्तभंगासाठी वापरणार नाही असे मालकाने लिहून दिले पाहिजे. शिकायला बसलेला माणूस चुकणारच. न चुकणारा शिकायला कशाला बसेल?

हाच धागा सरकारी कर्मचाऱ्यांपर्यंत जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी आणि पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपये, असा तो आराखडा. त्यासाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ हा प्लॅटफॉर्म उभा राहिला आणि तो चालवायला ‘कर्मयोगी भारत’ ही ना-नफा सरकारी कंपनी स्थापन झाली. राज्य सरकारांचे कर्मचारीही आता त्यावर येत आहेत. नावातील गीतेचा वास आम्हाला खटकतो, ते असो. प्लॅटफॉर्म म्हणून त्यात चांगले पुष्कळ आहे. पूर्वी प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे हे साहेबाच्या मर्जीवर असे आणि मागासवर्गीय कर्मचाऱ्याचे नाव यादीत शेवटी येई किंवा येतच नसे. आता शिपायापासून सचिवापर्यंत कोणीही आपल्या फोनवर अभ्यासक्रम उघडू शकतो. ज्यांनी आयुष्यभर प्रशिक्षणाच्या यादीची वाट पाहिली त्यांना याची किंमत कळते.

परंतु या प्लॅटफॉर्मवरील अभ्यासक्रमांचा हिशोब वार्षिक कामगिरी अहवालाशी जोडण्याकडे केंद्राच्या कार्मिक विभागाने २०२५ मध्ये पावले टाकली, आणि तेथे आमचे कान टवकारले. गोपनीय अहवाल या एका हत्याराने आमच्या किती अधिकाऱ्यांच्या पदोन्नत्या कापल्या गेल्या, हे घरोघरी माहीत आहे. त्याविरुद्ध लढून मिळालेला निकाल म्हणजे देव दत्त विरुद्ध भारत सरकार, १२ मे २००८. अहवालातील प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. आमचा युक्तिवाद असा की, जर यंत्राने दिलेला आकडा अहवालात येणार असेल तर तो आकडाही शेराच आहे. तो कळवला पाहिजे, त्यावर हरकत घेता आली पाहिजे, आणि हरकत ऐकणारा माणूस असला पाहिजे. ‘सर्व्हरने दाखवले’ हे उत्तर चालणार नाही. तालुक्याच्या कार्यालयात नेट नाही म्हणून अपूर्ण राहिलेला अभ्यासक्रम आणि आळसाने अपूर्ण राहिलेला अभ्यासक्रम यंत्राला सारखाच दिसतो. डोळ्यांनी अधू असलेल्या कर्मचाऱ्याला पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ज्या पोर्टलवर चालत नाही, तेथे त्याचा शून्य हा पोर्टलचा शून्य आहे. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात मान्य केले आहे. कर्मचारी संघटनांनी या निकालाची प्रत जवळ ठेवावी.

हे झाले दुसऱ्यांनी निवडलेल्या प्लॅटफॉर्मचे. आम्हीही एकदा निवडायला बसलो होतो, आणि तेथे आमची फजिती झाली तीही सांगितली पाहिजे.

मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेला आपल्या पदाधिकाऱ्यांना बिंदुनामावली, जात पडताळणी, विभागीय चौकशी, माहिती अधिकार हे विषय शिकवायचे होते. वर्षातून एकदा शिबिर होई, भाषणे होत, जेवण होई आणि पुढच्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा. म्हणून विहारात रविवारी बैठक घेतली. एक जण म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच की. दुसरा म्हणाला, गूगल क्लासरूम घ्या, फुकट आहे आणि माझ्या मुलीच्या शाळेत तेच चालते. तिसरा, एका आय.टी. कंपनीत नोकरीला असलेला आमच्याच वस्तीतला मुलगा, मूडलचा आग्रह धरून बसला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील वस्तीत वाढलेल्या, रेडिओवरून शाळा शिकलेल्या मार्टिन डुगियामास नावाच्या माणसाने ते तयार केले, पहिला पूर्ण अवतार २००२ मध्ये आला, आणि ते मुक्त परवान्याचे असल्याने कोणीही घ्यावे, बदलावे, मराठी करावे, हे त्याने इतक्या तळमळीने सांगितले की सर्वांनी माना डोलावल्या. रेडिओवर शिकलेला माणूस म्हटल्यावर आमचेही मन वळले, हे कबूल करतो.

मूडल फुकट, पण ते ठेवायला सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, दरवर्षी पैसे भरावे लागतात, अधूनमधून नवीन अवतार चढवावा लागतो, आणि हे करायला माणूस लागतो. आमचा माणूस एकच होता. वर्षभर त्याने जीव ओतून काम केले. मग त्याला परगावी मोठी नोकरी लागली, पासवर्ड त्याच्याच जवळ, सर्व्हरचे भाडे त्याच्याच कार्डावर, आणि एके दिवशी आमचे पोर्टल उघडेनासे झाले. मुलगा प्रामाणिक होता, फोन केल्याबरोबर त्याने सगळे दिले. पण मधल्या काळात केलेले दोन अभ्यासक्रम गेले ते गेलेच, कारण प्रत कोणी काढली नव्हती. मालकांना नोंदींवरून कोर्टात उलटतपासणीत घेणारे आम्ही, आमच्याच नोंदी सांभाळू शकलो नाही! गूगल क्लासरूम घेतले असते तर हे झाले नसते, हेही खरे. फक्त आम्हाला मिळणाऱ्या मोफत प्रकारात कोणी काय आणि किती पाहिले याचा सविस्तर हिशोब नव्हता, आणि सगळे सामान परक्या कंपनीच्या घरात राहणार होते.

दुसऱ्यांदा आम्ही मूडलच घेतले, पण तीन जणांकडे चाव्या दिल्या, त्यात एक ताई आहेत ज्या तहसील कचेरीत लिपिक आहेत आणि कॉम्प्युटर त्यांनी चाळिशीनंतर शिकला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर त्या पेन ड्राइव्हवर प्रत काढतात आणि रजिस्टरवर सही करतात. रजिस्टर कागदाचे आहे. त्यावर आय.टी.वाले हसतात, हसोत. व्हॉट्सअ‍ॅपही सोडलेले नाही; नवीन धडा आला की निरोप तेथेच जातो, कारण लोक तेथेच असतात. मूडलचे मोबाईल अ‍ॅप धडा फोनमध्ये उतरवून घेऊ देते, मोफत प्रकारात त्याला मर्यादा आहे, तरी गावाकडे नेट नसलेल्यांना त्याचा आधार होतो.

या सगळ्यात सर्वात जास्त शिकवले ते अभ्यासक्रम तयार करण्याच्या कामाने. बाजारात तयार अभ्यासक्रम मिळतात, कार्यालये तेच विकत घेतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे घ्या. कलम १९ प्रमाणे मालकाने ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायच्या आहेत, आणि गोव्यातून गेलेल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी त्याच्या अंमलबजावणीबद्दल खडसावलेले आहे. तेव्हापासून या विषयाचे ऑनलाइन धडे जोरात आहेत. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक धड्यात १९९७ चा विशाखा निकाल आहे. पण तो निकाल जिच्यामुळे आला ती भंवरीदेवी कुंभार समाजाची होती, बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करताना गावातील वरचढ जातीच्या पुरुषांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तिची तक्रार होती, हे एकाही धड्यात नाही. जात काढून टाकली की तो एक चित्रातल्या ऑफिसातला प्रसंग उरतो, सूट घातलेला पुरुष आणि खुर्चीतली बाई. झाडूवाल्या बाईला मुकादम काय बोलतो, ते त्यात कोठेच नाही. प्लॅटफॉर्म असा हवा की विकतच्या धड्यात आपले पान घालता येईल. पुष्कळ पुरवठादार तयार धडे कुलूपबंद देतात, त्यात एक ओळ बदलता येत नाही. निवडताना हे कुलूप कोणी तपासत नाही.

गटार सुरक्षेच्या धड्याचेही तसेच. इंग्रजीवरून मराठी केलेल्या एका धड्यात ‘हायड्रोजन सल्फाइडची सांद्रता वाढल्यास घ्राणेंद्रिये बधिर होतात’ असे वाक्य होते. आमच्या सफाई कामगार बांधवांपुढे ते वाचले तेव्हा सगळे गप्प. मग एक वयस्कर काका म्हणाले, "म्हंजे सडक्या अंड्यासारखा वास येतो आन् मग एकदम येयचा थांबतो, तेच ना? वास थांबला की पोरं म्हणतात गॅस गेला. तेव्हाच तो जास्त झालेला असतो. आमचा एक जोडीदार त्यातच गेला." तीस सेकंदांत त्यांनी धडा पुरा केला. नाक बधिर होते म्हणून वास थांबतो, आणि वास थांबला म्हणून माणूस उतरतो, हे कोणत्याही सल्लागार कंपनीने इतके सरळ सांगितलेले आम्ही ऐकले नाही. त्या काकांचे बोलणे आम्ही त्यांच्या परवानगीने मोबाईलवर चित्रित केले. त्याला प्रश्न जोडले, प्रश्नही आवाजात, उत्तरे चित्रांत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही देता यावीत. धड्याचा पहिला प्रश्न असा आहे की, यंत्र आणि साधने आलेली नसताना मुकादमाने उतरायला सांगितले तर काय कराल? आणि बरोबर उत्तर ‘उतरणार नाही’ हे आहे. ‘काळजीपूर्वक उतरेन’ या उत्तराला गुण नाहीत. एका ठेकेदाराला हा धडा दाखवला तेव्हा तो म्हणाला, बाकी सगळे चालेल, पहिला प्रश्न काढा.

त्या बैठकीनंतर आम्ही स्थानिक नगर प्रशासनाला पत्र दिले. सफाई आणि मलनिःसारण कामगारांच्या प्रशिक्षणासाठी नवीन प्लॅटफॉर्म घेण्याचे चालले आहे असे कळते. तरी निविदेचा मसुदा ठरवताना कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना बोलवावे, कंत्राटी कामगारांना ई-मेलशिवाय प्रवेश मिळावा, धडे मराठीत आणि आवाजात असावेत, मूळ नोंदी जतन व्हाव्यात, आणि प्रत्येकाची नोंद त्याच फोनवरून व त्याच माणसाने केली याची खात्री चौकीवर समक्ष व्हावी, एवढेच लिहिले. दीड महिन्याने दोन ओळींचे उत्तर आले. प्लॅटफॉर्मची निवड ही तांत्रिक बाब असल्याने त्यावर संघटनांशी चर्चेची आवश्यकता वाटत नाही, असे त्यात म्हटले आहे.

आम्ही त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. निविदेचा मसुदा, तांत्रिक समितीतील सदस्यांची नावे व पदे, आणि ‘अभ्यासक्रम पूर्ण’ याची समितीने मान्य केलेली व्याख्या, अशा तीन गोष्टी मागितल्या आहेत. यातील एकही कोणाची वैयक्तिक माहिती नाही, म्हणून कलम ८(१)(ज) चे निमित्त येथे चालायचे नाही. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. आज अकरावा दिवस आहे.